राखीव कोअर

"हे घर बघा, क्रमांक ४४७१," ऋजुता म्हणाली आणि तिने पडद्यावरचा तक्ता मोठा केला. "आजारी बाई एक, सांभाळणारी माणसं तीन. चौदा महिन्यांत सहा हजार तीनशे हाका. चौऱ्याण्णव टक्के एकाच व्यक्तीने घेतल्यात, सहा टक्के दुसऱ्याने. तिसऱ्याला शून्य. कमी नाही सर, अगदी शून्य."

बैठकीला आठजण होते. टेबलाच्या टोकाला निरंजन कोपर्डे बसला होता. 'हाक' या यंत्रणेचा गाभा त्याने लिहिला होता आणि पुण्यातल्या या कंपनीत त्याच्या शब्दाला मान होता. ऋजुता मणेरीकर चार महिन्यांपूर्वी रुजू झालेली. अकरा हजार घरांमध्ये हाकांचं वाटप न्याय्य होतं की नाही, हे तपासायचं काम त्यानेच तिला दिलं होतं. तिच्यापुढे घरांचे फक्त क्रमांक होते, नावं नव्हती. निरंजनला मात्र नावाची गरज पडली नाही. तिसऱ्याला शून्य, हे ऐकताच त्याच्या कानांच्या पाळ्या तापल्या.

"मनगटावरचा बँड काढून ठेवला असेल त्याने," तो म्हणाला.

"नाही सर. बँड चालू आहे. नाडी येते, आजूबाजूच्या आवाजाची पातळी येते. माणूस जागा आहे, बऱ्याचदा मोकळा आहे, तरी निवडलाच जात नाही. मला वाटतं, वाटपाच्या कोडमध्ये बग आहे."

"कोड तुझ्यासमोर आहे. शोध," निरंजन म्हणाला आणि पुढच्या विषयाकडे वळला.

बग नव्हता, हे त्या खोलीत एकट्या त्याला माहीत होतं. ते घर मिरजेतलं होतं. आजारी बाई म्हणजे त्याची आई. आणि शून्य हाका घेणारा तिसरा माणूस तो स्वतः होता.

'हाक' जन्माला आली ती आईच्याच दुखण्यातून. सरोजिनी कोपर्डे तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. सत्तरी ओलांडल्यावर त्यांना कंपवाताने गाठलं. हात थरथरायचे, चालताना तोल जायचा, गोळ्यांचा गोंधळ व्हायचा. निरंजनची धाकटी बहीण वसुधा मिरजेतच, आईच्या घरात राहायची. तिचा नवरा दिलीप रेल्वेत इंजिन चालवायचा. निरंजन पुण्यात एकटा. तिघांनी मिळून आईला सांभाळायचं ठरलं तेव्हा पहिला महिनाभर आईने काही विचारलं की तिघांना एकदम फोन जायचा. एकतर तिघेही धावायचे, नाहीतर दुसऱ्याने घेतला असेल असं धरून कोणीच घ्यायचं नाही.

निरंजनला हा घोळ ओळखीचा वाटला. बारा वर्षं तो मोठ्या सर्व्हरच्या ऑपरेटिंग सिस्टिमवर काम करत होता आणि तिथे हाच प्रश्न रोज असतो. प्रोसेसर आपलं काम करत असतो आणि मध्येच कोणीतरी त्याला हटकतं. नेटवर्कवरून निरोप येतो, डिस्क म्हणते माझं वाचून झालं, घड्याळ टोला देतं. या हटकण्याला इंटरप्ट म्हणतात. इंटरप्ट आला की प्रोसेसर हातातलं काम कुठवर आलंय याची खूण ठेवतो, आलेल्या निरोपातलं तातडीचं तेवढं उरकतो, बाकीचं मागच्या रांगेत लावतो आणि खुणेपासून आपलं काम पुढे चालू करतो.

प्रोसेसर एकच असेल तर हे सोपं आहे. पण आताच्या यंत्रात एका चिपवर चौसष्ट, कधी शंभराच्या वर कोअर, म्हणजे छोटे छोटे प्रोसेसरच, असतात. मग निरोप आला तर हटकायचं कोणाला? सुरुवातीच्या काही यंत्रणा सगळे इंटरप्ट पहिल्या कोअरकडे पाठवत. तो गुदमरून जाई आणि बाकीचे निवांत असत. पुढे कोण किती मोकळा आहे हे पाहून वाटप सुरू झालं. त्यातही एक मेख निघाली. ज्या कोअरने एखाद्या उपकरणाचं काम आधी केलेलं असतं, त्याच्या जवळच्या स्मृतीत, म्हणजे कॅशमध्ये, त्याची माहिती तयार असते. काम पुन्हा त्याच्याकडेच दिलं तर ते लवकर होतं. पण हे अती झालं की सगळा भार फिरून त्या एकाच कोअरवर जाऊन बसतो.

निरंजनने माणसांना कोअरच्या जागी ठेवलं. आईच्या खोलीत, दारात, गॅसजवळ, औषधांच्या डबीत संवेदक बसवले. तिघांच्या मनगटावर बँड आले. आईने काही विचारलं किंवा काही बिनसलं की यंत्रणा पाहायची, आत्ता कोण गाडी चालवतंय, कोण बोलतंय, कोण झोपलंय, आणि ज्याला हटकल्याने सगळ्यात कमी मोडेल त्याचा बँड वाजायचा. दहातल्या आठ हाका दुरूनही घेता येण्याजोग्या असायच्या. कॅमेऱ्यात डोकावून "पांढरी नाही, पिवळी गोळी" एवढं सांगायला पुणं काय आणि मिरज काय. आई पडली किंवा श्वास अडकला तर मात्र तिन्ही बँड एकदम वाजत. ती हाक वाटपाच्या हिशेबात धरली जात नसे आणि तिला कोणालाच अडवता येत नसे.

वर्षभरात 'हाक' हजारो घरांत गेली. तिची मोठी आवृत्ती निघायच्या वेळी निरंजनने एक गोष्ट केली. सर्व्हरमध्ये काही नाजूक कामांसाठी एखादा कोअर राखीव ठेवतात, त्याच्याकडे कुठलाच नेहमीचा इंटरप्ट पाठवत नाहीत. तशी सोय 'हाक'मध्येही होती. शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर, इंजिन चालवणारे दिलीपसारखे लोक, यांच्यासाठी कामाच्या तासांपुरती. ती निरंजनने स्वतःला लावली. तास लिहायची जागा कोरी ठेवली, म्हणजे चोवीस तास राखीव. दोन आठवड्यांत काढून टाकू, असं त्याने स्वतःला बजावलं.

दोन आठवड्यांनी आवृत्ती निघाली. तेवढ्यात त्याच्या लक्षात आलं की आपण बऱ्याच दिवसांत सलग विचार करू शकलो. आईचा कापरा आवाज दुपारी मध्येच कानात पडत नव्हता. "निरू, रिमोट चालत नाही रे" हे शब्द नव्हते. ती शांतता त्याला सोडवेना. त्या शांततेत त्याने त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम केलं. त्यासाठी त्याला कंपनीचा सन्मानही मिळाला आणि मंचावर तो आईबद्दल चार शब्द बोलला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

गेल्या भाऊबीजेला तो मिरजेला गेला तेव्हा ओवाळून झाल्यावर वसुधाने हळूच विचारलं होतं, "दादा, हाका मलाच फार येतात रे. मशीनचं काही चुकत तर नसेल?"

तेव्हा त्याने तिला कॅशचं शास्त्र समजावून सांगितलं. ज्याला माहिती हाताशी असते त्याच्याकडे काम आपोआप जातं, तुला आईचं सगळं ठाऊक आहे, तू पटकन उत्तर देतेस, म्हणून यंत्र तुला निवडतं. त्यातला शब्द न् शब्द खरा होता. वसुधाने मान डोलावली. तिला थोडं बरंही वाटलेलं दिसलं.

ऋजुता नऊ दिवस त्या बगमागे लागली. रोज संध्याकाळी ती निरंजनला सांगायची, आज हा भाग तपासला, आज तो. राखीवची खूण वेगळ्या तक्त्यात होती आणि तो तक्ता पाहायची तिला परवानगी नव्हती. निरंजन ऐकून घ्यायचा. एकदा तर त्याने तिला दोन वाक्यांची सूचनाही केली, जी तिला आणखी आडरानात नेणारी होती. ते बोलून झाल्यावर तो स्वच्छतागृहात गेला आणि बराच वेळ हात धूत राहिला.

दहाव्या दिवशी तिने त्या घरी फोन करायची परवानगी मागितली. ग्राहक विभागामार्फत, नाव न कळता. नाही म्हणायला काही कारण नव्हतं. निरंजनने सही केली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती त्याच्या केबिनमध्ये आली आणि उभीच राहिली.

"बस की," तो म्हणाला.

ती बसली नाही. "सर, सगळ्या हाका घेणाऱ्या त्या बाईंशी मी बोलले. खूप छान बोलल्या. मी कंपनीतून बोलतेय म्हटल्यावर म्हणाल्या, माझा दादाच तुमच्याकडे आहे, त्यानेच बनवलंय हे."

बाहेर कोणीतरी खुर्ची सरकवल्याचा आवाज आला.

"मी हे कोणाला सांगितलेलं नाही," ऋजुता म्हणाली. तिची नजर टेबलावर होती. "अकरा हजारांत एक घर कमी झालं तर निष्कर्ष बदलत नाही. ते घर मी अहवालातून काढून टाकते."

तिने त्याला रागाने काही म्हटलं असतं तर त्याला उत्तर देता आलं असतं. ती त्याला सांभाळून घेत होती. वयाने त्याच्या निम्मी असलेली मुलगी, नऊ दिवस त्याने जिला खोट्या वाटेने फिरवलं ती, त्याची अब्रू झाकत होती.

"बरं," तो म्हणाला. "थँक्यू."

ती गेली. तासभर त्याला खरोखरच सुटल्यासारखं वाटलं, हे त्याने पुढे स्वतःशी कबूल केलं. मग सवयीने त्याने तिची फोनवरच्या बोलण्याची टिपणं उघडली. वसुधाचे शब्द तिने जसेच्या तसे लिहून घेतले होते. मधल्या एका ओळीवर तो थबकला.

"यंत्राची काही चूक नाही हो. माझंच चित्त थाऱ्यावर नसतं. हाकेसाठी मी वर्ग सोडून बाहेर गेले आणि एका मुलीचा हात भाजला. अकरा फेब्रुवारीला. तेव्हापासून नोकरी सोडली."

वसुधा मिरजेच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्राची प्रयोगशाळा सहायक होती. नोकरी सोडली एवढंच तिने निरंजनला सांगितलं होतं, आईकडे बघायला वेळ मिळावा म्हणून. निरंजन तेव्हा "बरं केलंस" म्हणाला होता.

त्याने अकरा फेब्रुवारीची नोंद काढली. राखीव माणसाला यंत्रणा निवडत नसली तरी त्याचं मोजमाप चालूच ठेवते. सकाळी साडेअकरा ते सव्वाबारा या वेळात आईच्या पाच हाका होत्या. प्रत्येक हाकेपुढे तिघांची नावं. दिलीप, कामावर. वसुधा, व्यग्र. निरंजन, मोकळा. पाचही वेळा यंत्रणेने आधी त्याचंच नाव वर आणलं होतं, आणि पाचही वेळा पुढे लिहिलं होतं, राखीव, वगळले. मग खालचं नाव घेतलं होतं. वसुधा.

त्या वेळी आपण काय करत होतो, हे आठवायला त्याला फार कष्ट पडले नाहीत. हिशेब विभागातल्या कोणाचा तरी वाढदिवस होता. गच्चीवरचा फोटो अजून त्याच्या फोनमध्ये होता, वेळ अकरा पन्नास. हातात केकची कागदी बशी आणि तो मान मागे टाकून हसतोय.

त्याने ऋजुताला बोलावलं. "४४७१ अहवालात राहू दे. खाली लिही, हा बग नाही. प्रमुखाने स्वतःला राखीव केलं होतं आणि घरच्यांना कळू दिलं नव्हतं. माझं नाव घाल. आणि राखीव कोण आहे हे घरातल्या सगळ्यांना दिसलं पाहिजे, ही सुधारणा सुचव. नऊ दिवस मी तुला फसवलं, तेही तुला माझ्या तोंडून ऐकायला हवं."

"ते मला कळलं होतं सर," ती म्हणाली आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने तो मिरजेला गेला. वसुधा आईच्या पलंगावर बसून तिची नखं घासत होती. आईचा थरथरता हात तिने आपल्या गुडघ्यावर दाबून धरला होता आणि थरथर जराशी थांबली की तेवढ्यात ती कानस फिरवत होती.

"अरे, न सांगता?" ती म्हणाली. "जेवण काय करू?"

"जेवण राहू दे. मला तुला एक सांगायचंय."

त्याने सांगितलं. गाडीत त्याने जुळवून ठेवलेली वाक्यं ऐन वेळी सुचली नाहीत, त्यामुळे जे झालं ते तसंच बाहेर आलं. वसुधाचा हात थांबला नाही. एक बोट झालं, दुसरं घेतलं.

"दोन आठवड्यांसाठी म्हणालास?"

"हो."

"आणि मग?"

"मग बरं वाटायला लागलं. कोणी बोलवत नव्हतं."

"मी तुला विचारलं होतं दादा. भाऊबीजेला."

"हो."

"तू मला समजावून सांगितलंस. मला पटलं ते. दिलीप चिडचिड करायला लागले की मी त्यांनाच समजवायचे, शास्त्र आहे ते म्हणून."

"शास्त्र खरं होतं, वसू. मी फक्त त्यातलं माझं सांगितलं नाही."

आई उशीला टेकून सगळं ऐकत होती. तिचं बोलणं आता अडखळत यायचं. "मला वाटायचं," ती म्हणाली, "पुण्याची लाईनच खराब आहे. म्हटलं, बिचारा कामात असेल. ऑपरेटरला ओरडून काय उपयोग." आणि तिने नुकतीच नखं घासलेला हात उचलून त्याच्या दिशेने पुढे केला. तो हात त्याच्यापर्यंत पोचायला वेळ लागला. निरंजनला तो धरायचं धाडस होईना, पण त्याने धरला.

"अजून एक आहे," तो वसुधाला म्हणाला. "अकरा फेब्रुवारी."

कानस थांबली.

"तुला कोणी सांगितलं?"

"कंपनीतल्या मुलीला तू फोनवर सांगितलंस, त्यातून कळलं. मी त्या दिवसाची नोंद पाहिली. पाचही हाका माझ्याकडे यायला हव्या होत्या. मी मोकळा होतो."

वसुधा उठली आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. त्याच्याकडे न बघताच ती बोलायला लागली.

"प्रॅक्टिकलची परीक्षा होती. तीव्र गंधकाम्लाची बाटली माझ्या टेबलावर असते, मुलांना थेंब थेंब मीच द्यायचा, असा नियम आहे. चार हाका मी तिथेच उभ्या उभ्या घेतल्या. पाचवीला आई घाबरली होती, दारात कोणी उभंय म्हणत होती. मी म्हटलं, दोन मिनिटं, आणि बाहेर गेले. तेवढ्यात आफरीनने स्वतःच बाटली उचलली. तिला वेळ पुरत नव्हता." तिने खिडकीचा गज धरला. "कॉलेजने मला काढलं नाही. मीच राजीनामा दिला. तोंड दाखवायची लाज वाटायची. आठ महिने झाले, मी त्या रस्त्याने जात नाही. भाजी घ्यायलासुद्धा लांबून वळसा घालून जाते."

ज्या लाजेने तिला आठ महिने घरात कोंडलं होतं, ती खरं तर त्याची होती. तो पुण्यात सन्मान घेत असताना ती इथे त्याची लाज वागवत होती.

"माझं चुकलंच आहे," वसुधा म्हणाली. "बाटली सोडून जायला नको होतं. ते मी कोणावर ढकलणार नाही. पण मला वाटत होतं, दुसरं कोणी नव्हतंच. म्हणून गेले." ती वळली. "तू चल माझ्याबरोबर. आफरीनच्या घरी, तांबोळींकडे. मला जे सांगितलंस ते त्यांना सांग."

"आत्ता?"

"आत्ता. शेजारच्या काकूंना मी आईजवळ बसवते."

त्याला वाटलं, म्हणावं की आधी वकिलाला विचारू, कंपनीला विचारू. ते शब्द ओठांपर्यंत आले. वसुधाच्या चेहऱ्याकडे पाहून त्याने ते गिळले.

तांबोळींचं घर कॉलेजच्या मागच्या गल्लीत होतं. वसुधा त्याच रस्त्याने चालली, सरळ, वळसा न घालता. कॉलेजच्या फाटकापाशी तिची पावलं क्षणभर जड झाली, पण थांबली नाहीत.

आफरीनची आई रुखसाना भाभी शिवणयंत्रावर बसल्या होत्या. वसुधाला बघून त्या उठल्या, खुर्च्यांवरचे कपडे बाजूला केले. आफरीन आतून आली. आता ती तंत्रनिकेतनात पहिल्या वर्षाला होती, लांब बाह्यांचा कुडता घातलेला.

"हा माझा भाऊ," वसुधा म्हणाली. "त्याला तुमच्याशी बोलायचंय."

निरंजनने सांगायला सुरुवात केली. यंत्रणा, हाका, वाटप. दोन वाक्यांतच त्याच्या लक्षात आलं की आपण पुन्हा शास्त्राच्या आडोशाला शिरतोय. रुखसाना भाभींनीही बहुधा ते ओळखलं. त्यांनी हात वर करून त्याला थांबवलं.

"मला ते यंत्र काही कळत नाही, साहेब," त्या म्हणाल्या. "एवढंच सांगा. त्या दिवशी तुमच्या आईला उत्तर द्यायला मॅडम सोडून दुसरं कोणी होतं?"

"होतं."

"कोण?"

"मी."

"आणि तुम्ही कामात होतात?"

"नाही," निरंजन म्हणाला. "मी मोकळा होतो. केक खात होतो."

भाभी वसुधाजवळ जाऊन बसल्या आणि तिच्या पाठीवर हात ठेवला. वसुधा रडत होती. आवाज न करता, नुसतेच खांदे हलत होते. निरंजनकडे त्या दोघींनी पाहिलं नाही.

आफरीन उभी होती ती पुढे आली. तिने डाव्या हाताची बाही कोपरापर्यंत सरकवली आणि हात त्याच्यासमोर धरला. मनगटापासून वरपर्यंत कातडी चुणीदार झाली होती, गुलाबी आणि चकचकीत.

"इथे अजून ताणतं," ती सावकाश म्हणाली. "ड्रॉइंगची पट्टी दाबून धरायला जमत नाही. उन्हात गेलं की चुरचुरतं."

निरंजनची मान खाली गेली.

"बघ, दादा," वसुधा म्हणाली.

त्याने मान वर केली आणि पाहिलं. आफरीनने हात मागे घेईपर्यंत तो पाहत राहिला, आणि तिने तो लवकर मागे घेतला नाही.